चुकीच्या ग्रुपवर गेलेला मेसेज : प्रकल्प नोंदी

३ मार्च

सपोर्टच्या जुन्या तिकिटांमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यांच्या तक्रारींच्या नोंदींमध्ये, मी दुसरंच काहीतरी शोधत होते आणि हे सापडलं. एका बाईंनी बहिणीला लिहिलेला मेसेज, स्वतःच्या तब्येतीच्या रिपोर्टबद्दलचा, आपल्या ॲपवरून सव्वाशे लोकांच्या ग्रुपवर गेला. लक्षात आल्यावर त्यांनी घाईघाईने डिलीट केला, पण आपल्याकडे डिलीट केलं की मेसेज फक्त स्वतःच्या फोनवरून जातो, हे त्यांना माहीत नव्हतं आणि स्क्रीनवर कुठे लिहिलेलंही नाहीये. त्यांना वाटलं गेला, आणि बाकी सगळ्यांच्या फोनवर तो तसाच. दुसऱ्या दिवशी ग्रुपमधल्याच कोणीतरी त्यांना सांगितलं तेव्हा कळलं.

आपण दिलेलं उत्तर : 'कृपया मेसेज पाठवण्याआधी ग्रुपचं नाव तपासून घ्या.' तिकीट बंद.

मी ते दोनदा वाचलं. सपोर्टवाल्यांचा दोष नाहीच, त्यांना तयार उत्तरांची यादी दिलेली असते आणि त्यात हेच उत्तर आहे, पण यादी आपणच केलीये ना. त्या बाईंनी शेवटी लिहिलं होतं, 'माझीच चूक आहे, पण काही करता येईल का.' ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. संध्याकाळी प्रॉडक्ट मॅनेजरला सांगितलं की पुढचे सहा आठवडे मला या एकाच गोष्टीवर काम करायचंय, प्रोफाइल स्क्रीनचं रंगकाम नंतर करू. तो म्हणाला चार आठवडे घे. बघू.

५ मार्च

'चुकून', 'दुसरीकडे गेला', 'भलत्याच ग्रुपवर' असे शब्द टाकून सगळी तिकिटं काढली आणि दिवसभर एकेक वाचत बसले. बहुतेक प्रत्येकात माणूस स्वतःलाच दोष देतोय. गडबडीत होतो, चष्मा नव्हता, वय झालं, माझं लक्ष नव्हतं. ॲपमध्ये काही गडबड आहे का असं विचारणारे अगदी मोजके.

डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८१ मध्ये माणसांच्या अशा हातून होणाऱ्या चुकांची वर्गवारी केली होती (हेच ते, १९९३ मध्ये ॲपलमध्ये गेले आणि 'युजर एक्स्पिरियन्स' हा शब्द ज्यांच्या पदाच्या नावात आला). त्यांचं म्हणणं असं की चुका दोन जातीच्या. एकात ठरवलेलंच चुकीचं असतं, म्हणजे माणसाला चुकीची माहिती आहे किंवा समजूत चुकीची आहे. दुसऱ्यात मनात बरोबर असतं पण हात भलतीकडे जातो. आपली तिकिटं जवळजवळ सगळी दुसऱ्या जातीची आहेत. बाईंना पक्कं माहीत होतं कोणाला लिहायचंय. आणि गंमत नाही, गंभीर गोष्ट अशी की या जातीची चूक सरावलेल्या माणसाकडून जास्त होते, कारण नवखा माणूस एकेक पायरी बघत जातो आणि सरावलेल्याचा अंगठा डोक्याच्या पुढे धावतो. म्हणजे 'लक्ष द्या' म्हणून सांगण्याचा उपयोग शून्य, लक्ष न देता करता येणं हेच तर सराव झाल्याचं लक्षण.

त्या डिलीटचं मात्र पहिल्या जातीचं आहे. तिथे समजूत चुकली आणि ती आपण चुकवली. वेगळं नोंदवून ठेवलं.

७ मार्च

मीटिंग झाली. अपेक्षेप्रमाणे पहिला उपाय : पाठवताना विचारायचं, 'हा मेसेज १२५ जणांना जाईल. नक्की पाठवायचा?' डेव्हलपर म्हणाला अर्ध्या दिवसाचं काम आहे. सगळ्यांना पटलं, मला सोडून.

मी जेफ रॅस्किनचा मुद्दा मांडला. ॲपलमध्ये १९७९ मध्ये मॅकिंटॉश प्रकल्प ज्यांनी सुरू केला ते. त्यांचं सांगणं असं की तोच प्रश्न रोज विचारला की 'हो' दाबणं हा त्याच कृतीचा भाग होऊन जातो, सवय लागते, आणि सवयीने केलेल्या गोष्टीत विचार नसतो, म्हणून खात्री करून घेणारा प्रश्न जिथे खरंच लागतो नेमकं तिथेच तो निकामी झालेला असतो. त्यांचा मुलगा अझा रॅस्किन पुढे हेच म्हणत राहिला की इशारा देऊ नका, परत फिरायची सोय द्या. (२००६ मध्ये न संपणारं स्क्रोलिंग बनवलं तोही हाच, आणि त्याबद्दल त्याने नंतर उघडपणे पश्चात्ताप व्यक्त केलाय. डिझायनरने आपल्या कामाच्या परिणामाबद्दल असं बोलणं मला मोठं वाटतं.)

मॅनेजर म्हणाला मत नको, करून बघू. ठीक. हे मला आवडलं.

११ मार्च

प्रश्न विचारणारी आवृत्ती टीममधल्याच आठ जणांच्या फोनवर टाकली होती शुक्रवारी. आज मी प्रत्येकाला विचारलं, कालच्या दिवसात ती पेटी किती वेळा आली असेल. कोणीच सांगू शकलं नाही. एक जण म्हणाली, 'कालपासून येत नाहीये बहुतेक.' येत होती. ती न बघता दाबत होती.

मॅनेजरने न बोलता तो उपाय फळ्यावरून पुसला. चार दिवस गेले पण वाद संपला.

१४ मार्च

आजचा दिवस मोठा होता, सविस्तर लिहिते.

पाच जणांना बोलावलं होतं. पाचच का असं नवीन इंटर्नने विचारलं, तर ॲप-वेबसाइट वापरायला किती सोप्या यावर काम करणारे जेकब नीलसन यांनी २००० मध्ये मांडलेला हिशोब असा की एकेका माणसाच्या चाचणीत साधारण ३१ टक्के अडचणी दिसतात असं धरलं तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के दिसून जातात, आणि सहाव्यापासून तेच तेच दिसायला लागतं, म्हणून पाच जणांवर चाचणी करा, दुरुस्त करा, परत नवीन पाच बोलवा. हा नियम सगळीकडे लागू नाही, पण आमच्यासारख्या लहान टीमला परवडणारा आहे.

काम साधं दिलं होतं. चाचणीच्या फोनवर पंधरा चॅट, त्यातल्या अमुक माणसाला हे कळवा, तमुक ग्रुपवर ते कळवा. पहिल्या दोघांनी काहीच चुकवलं नाही. मला वाटायला लागलं आपण खोलीत बसून हे पकडूच शकणार नाही, कारण खोलीत माणूस सावध असतो.

मग तिसऱ्या वेळेस बॅकएंडवाल्याने, म्हणजे सर्व्हरची बाजू बघणाऱ्याने, विचारलं, या फोनवर मेसेज येत का नाहीयेत? बरोबर. खऱ्या फोनवर सतत मेसेज येत असतात आणि आमच्या फोनवर स्मशानशांतता. त्याने पाच मिनिटांत स्क्रिप्ट लिहिली, दर काही सेकंदांनी कुठल्यातरी ग्रुपवर एक मेसेज पडेल अशी.

तिसरे गृहस्थ, साठीच्या पुढचे, शांतपणे वाचून काम करणारे. यादीत त्यांना हवं ते नाव सापडलं, बोट खाली आलं, आणि त्याच क्षणी दुसऱ्या एका ग्रुपवर मेसेज पडला, तो ग्रुप उडी मारून यादीच्या डोक्यावर गेला, बाकी सगळ्या ओळी एक घर खाली सरकल्या, आणि बोट पडलं ते वरच्या शेजाऱ्यावर. चॅट उघडलं. त्यांनी सरळ टाईप करायला घेतलं. का नाही घेणार? त्यांनी बरोबर नावावर बोट ठेवलं होतं. पाठवलं. मग डोकं वर करून म्हणाले, 'अरे, हे कसं झालं, मी बघत नव्हतो वाटतं.'

काका, तुम्ही बघत होतात. हे मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण चाचणीत मध्ये बोलायचं नसतं, म्हणून संपल्यावर त्यांना रेकॉर्डिंग दाखवलं. एकेक फ्रेम पुढे नेत. त्यांनी ते तीनदा बघितलं आणि म्हणाले, 'म्हणजे इतके दिवस असं होत होतं?'

हो. इतके दिवस असंच होत होतं आणि आपण लोकांना नाव तपासायला सांगत होतो.

१७ मार्च

शनिवार-रविवार त्या रेकॉर्डिंगवरच डोकं होतं. आज डेव्हलपरबरोबर बसून नीट समजून घेतलं.

डोळ्यांना बदल दिसून हाताने त्यावर काही करेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे २०० ते २५० मिलिसेकंद, तेही तो तयारीत असेल तर. बोट निघालं की मेंदूचा हुकूम सुटलेला असतो. यादी बोट टेकायच्या आधी १५० मिलिसेकंदांवर हलली तर जगातला कुठलाही माणूस ते बोट थांबवू शकणार नाही. कितीही लक्ष द्या. वेबवर हा त्रास इतका जुना आहे की गूगलने २०२० मध्ये वेबपेजच्या दर्जाची जी मापं आणली त्यात पान किती उड्या मारतं याचं एक माप आहे, ०.१ पर्यंत चांगलं धरतात. पण त्यात वापरणाऱ्याने टॅप केल्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात झालेली हालचाल मोजत नाहीत, कारण ती त्याने स्वतः घडवलेली असू शकते. आम्हाला उलटं हवंय, टॅपच्या आधीची हालचाल.

तर आम्ही असं ठरवलं : बोट टेकलं त्या क्षणी तिथे कुठली ओळ होती आणि त्याच्या ३०० मिलिसेकंद आधी त्याच जागी कुठली होती, दोन्ही वेगळ्या असतील तर एक खूण नोंदवायची. फक्त वेगळ्या होत्या का, इतकंच. ग्रुपचं नाव नाही, माणूस नाही, मजकूर नाही. यावर थोडी चर्चा झाली, कोणीतरी म्हणालं ग्रुपचा आयडी पण घेऊ उपयोगी पडेल. मी नको म्हटलं आणि त्यावर ठाम राहिले. लोकांचे खाजगी मेसेज भलतीकडे जाऊ नयेत म्हणून काम करताना आपणच त्यांच्या हालचाली गोळा करायच्या हे मला पटत नाही.

१९ मार्च

दुसरं कारण सापडलं, उरलेल्या दोघांच्या रेकॉर्डिंगमधून. एका चॅटमध्ये लिहिताना वरून नोटिफिकेशनची पट्टी उतरते, ती नेमकी मागे जायच्या बाणावर बसते, माणूस मागे जायला बाण दाबतो आणि पट्टीवर टॅप होऊन तिसरंच चॅट उघडतं. वाईट म्हणजे कीबोर्ड उघडाच राहतो. म्हणजे डोळ्यांना खालचा अर्धा स्क्रीन तोच दिसतो, हात टाईप करत राहतो, फक्त वरची एक ओळ बदललेली. डोळा तिथे नसतोच.

दोन गोष्टी ठरवल्या. चॅट बदलल्यावर कीबोर्ड बंद होणार. आणि लिहायच्या चौकटीत आत्ता 'मेसेज लिहा' असं फिकट अक्षरात असतं, त्याऐवजी तिथे ग्रुपचं नाव. डोळा जिथे आहे तिथे माहिती ठेवायची, वर ठेवून काय उपयोग. पण टाईप करायला लागलं की ते फिकट नाव जातं, म्हणून पाठवायच्या बटणाच्या वर एक बारीक ओळ कायम, 'अमुक ग्रुप, १२५ जण'. ती ओळ सुरुवातीला मी फार फिकट राखाडी केली होती, सुंदर दिसत होती, कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, मोजला तर वाचता येण्यासाठीच्या ४.५ ला १ या किमान प्रमाणाच्या खाली. गडद केली.

२० मार्च

नावांचं बघितलं. लोक ग्रुपची नावं अशी ठेवतात : 'प्रकल्प टीम – सगळे', 'प्रकल्प टीम – फक्त आम्ही', 'प्रकल्प टीम – हिशोब'. यादीत जागा कमी म्हणून आपण नाव शेवटून कापतो आणि तीन टिंबं देतो. तिन्ही ग्रुप दिसतात 'प्रकल्प टीम – …'. आणि चित्रही सारखंच, कारण चित्र न लावलं तर आपण पहिलं अक्षर दाखवतो, 'प्र'.

फरक शेवटी असतो आणि आपण नेमका शेवट कापतो. आता मधून कापायचं, किंवा दोन ओळी द्यायच्या. मी दोन ओळींच्या बाजूने आहे. मॅनेजरला एका स्क्रीनवर कमी चॅट दिसतील याची काळजी, ती खोटी नाही, पण दहाऐवजी आठ दिसले आणि ते वेगवेगळे ओळखू आले तर ते जास्त चांगलं. शेवटी ठरलं की सारखी सुरुवात असलेले ग्रुप असतील तरच दुसरी ओळ.

दोन ओळी देताना आणखी एक दिसलं, ओळीची उंची इंग्रजी अक्षरांवर बेतलेली असल्यामुळे देवनागरीतल्या वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जात होते. 'कु' चा 'क' झालेला. इतके दिवस कोणी तक्रार केली नव्हती, लोकांनी सवय करून घेतली होती. ते पण दुरुस्त.

२४ मार्च

यादी हलायची कशी थांबवायची यावर तीन प्रयोग केले.

पहिला : स्क्रीन उघडा आहे तोवर क्रम गोठवायचा, नवीन मेसेजचा आकडा जागच्या जागी दाखवायचा. सुरक्षित, पण लोकांना वरती नवीन बघायची इतकी सवय आहे की दोघांना वाटलं मेसेजच येत नाहीयेत. बाद.

दुसरा : ओळी हळू सरकवायच्या, अर्धा सेकंद घेऊन. दिसायला छान, पण सरकत असताना मध्येच बोट पडलं तर कोणती ओळ धरायची? उलट गोंधळ वाढला.

तिसरा, आणि हा डेव्हलपरच्या डोक्यातून आलेला : बोट पडलं आणि गेल्या पाव सेकंदात तिथली ओळ बदललेली असेल तर आधीची ओळ उघडायची. कारण पाव सेकंदात माणसाने नवीन ओळ बघून तिच्यासाठी बोट टाकलेलं असणं जवळपास अशक्य. त्याचा हेतू जुन्याच ओळीचा. जे हेतूत होतं ते उघडायचं, जे बोटाखाली आलं ते नाही. मला हे ऐकल्यावर फार आनंद झाला, किती सरळ आहे. त्याच्या जोडीला, गेल्या दोन-तीन सेकंदांत स्क्रीनला स्पर्श झाला असेल तर क्रम थांबवून ठेवायचा, माणूस थांबला की मग हलवायचा.

आज बांधून झालं, स्क्रिप्टचा मारा चालू ठेवून मी अर्धा तास टॅप करत बसले, एकदाही चुकीचं उघडलं नाही.

२७ मार्च

आता परत घेण्याची सोय. चूक कमी होईल पण शून्य होणार नाही, आणि त्या बाईंना शेवटी लागत होतं ते हेच.

बाकीच्यांनी काय केलंय ते मांडून बघितलं. जीमेलमध्ये पाठवलेलं थांबवायची सोय २००९ मध्ये प्रयोग म्हणून आली आणि २०१५ मध्ये सगळ्यांसाठी कायमची झाली. तिथे मेल खरं तर परत येत नाही, तो ५ ते ३० सेकंद जाऊच देत नाहीत. व्हॉट्सॲपने २०१७ मध्ये सगळ्यांसाठी डिलीट आणलं, तेव्हा मुदत ७ मिनिटांची होती, २०२२ मध्ये ती दोन दिवसांच्या वर गेली, पण मागे 'हा मेसेज डिलीट केला' अशी खूण राहते. टेलिग्रामने २०१९ पासून दोघांच्याही बाजूने काहीही मागमूस न ठेवता काढायची मुभा दिली. आयफोनच्या मेसेजेसमध्ये २०२२ पासून २ मिनिटं. आणि व्हॉट्सॲपमधलीच आणखी एक गोष्ट मला खास वाटते, त्याच वर्षाअखेर त्यांनी 'फक्त माझ्यासाठी डिलीट' चुकून दाबलं तर ते ५ सेकंदांत मागे घेता येईल असं केलं. म्हणजे आपल्या बाईंसारखीच घसरण तिथेही होत असणार, सगळ्यांसाठी काढायला जावं आणि फक्त आपल्याकडून जावं, मग इतरांकडचा काढायची वाटच बंद.

आमच्यात वाद खुणेवरून झाला. खूण राहिली की लोक विचारतात काय होतं काय होतं, लाज वाटायची ती वाटतेच. खूण नाही ठेवली तर ग्रुपमधल्या ज्यांनी त्या मेसेजला उत्तर दिलं त्यांची उत्तरं अधांतरी लटकतात, आणि कोणी धमकी देऊन मागमूस न ठेवता काढूनही टाकू शकतो, मग ज्याला धमकी आली त्याने पुरावा म्हणून दाखवायचं काय? मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. दुपारभर यावरच होतो.

शेवटी दोन टप्पे. पहिले १० सेकंद मेसेज सर्व्हरवरून पुढे जाणारच नाही, तोवर थांबवला तर तो कधी गेलाच नाही, खूण नाही, नोटिफिकेशन नाही, काहीच नाही. त्यानंतर एक दिवसापर्यंत सगळ्यांकडून काढता येईल पण खूण राहील.

पण प्रत्येक मेसेज १० सेकंद अडवला तर गप्पा मरतील, नीलसन यांनीच १९९३ मध्ये मांडलंय की १ सेकंदाच्या वर वाट बघायला लागली की विचारांची लय तुटते आणि १० सेकंदांत लक्ष दुसरीकडे जातं. म्हणून अडवायचं फक्त तिथे जिथे धोका आहे : ग्रुप मोठा असेल, आणि माणूस नोटिफिकेशनच्या पट्टीवरून आत आला असेल किंवा त्या ग्रुपवर बरेच दिवसांत लिहिलेलं नसेल. एकाला एक चॅट असेल तर लगेच.

आणि एक अट मी घातली. अडवलेल्या मेसेजवर 'पाठवला' ची टिक दाखवायची नाही. घड्याळाचं चिन्ह आणि शेजारी 'थांबवा'. मेसेज अजून आपल्याकडेच आहे तर तसंच सांगायचं.

१ एप्रिल

नवीन पाच जण बोलावले. 'थांबवा' बटण मी पाठवायच्या बटणाच्याच जागी ठेवलं होतं, कारण पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवलं की लक्ष्य जितकं जवळ आणि जितकं मोठं तितकं ते पटकन गाठता येतं, आणि अंगठा तर तिथेच असतो. आकार ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप), अँड्रॉइडच्या शिफारशीएवढा.

पहिल्याच बाईंनी पाठवा दोनदा दाबलं. सवयीने, टप टप. पहिल्या टॅपने गेला, दुसऱ्याने थांबला. त्या वाट बघत बसल्या, उत्तर का येत नाही म्हणून. माझ्या डिझाइनने एक घसरण थांबवायला जाऊन दुसरी तयार केली. लगेच दुरुस्त नाही करता आलं, दुपारी केलं : बटण बदलल्यावर पहिला अर्धा सेकंद ते टॅप घेणारच नाही, आणि जागाही थोडी वर, मेसेजच्या फुग्याला चिकटून.

दुसरी अडचण जास्त मोठी. एक जण दृष्टिहीन आहेत, टॉकबॅक वापरतात. फोन त्यांना वाचून दाखवतो, त्यांनी बोट सरकवत 'थांबवा' पर्यंत जायचं, तिथे दोनदा टॅप करायचं. पोचेपर्यंत १० सेकंद संपले. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा म्हणाले, 'सोय आहे हे ऐकू येतंय, वापरता येत नाहीये.'

हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलंय.

वेळेची मर्यादा असेल तर ती वाढवता यावी हे तर वेबच्या ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे अपंगांनाही वापरता यावं यासाठीच्या, नियमांत २००८ पासून आहे, मला ते माहीतही होतं, आणि तरी मी १० हा आकडा सगळ्यांसाठी एकच धरला. याला कारण देता येणार नाही.

३ एप्रिल

अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, सेटिंगमध्ये एक सोय आहे, कृती करायला किती वेळ हवा ते माणूस स्वतः ठरवू शकतो, १० सेकंद, ३० सेकंद, १ मिनिट, २ मिनिटं. ॲपने ते फोनला विचारायचं असतं. आपण विचारतच नव्हतो. आता विचारतो. शिवाय स्क्रीन वाचणारं काही चालू असेल तर किमान ३० सेकंद, आणि पाठवल्यावर वाचणारा सरळ 'थांबवा' वर जाऊन थांबेल, बोट सरकवत शोधायला नको. त्यांना परत फोन करून नवीन आवृत्ती दिली. पहिल्या प्रयत्नात झालं.

बॅकएंडवाल्याचं म्हणणं, एक दिवसापर्यंत काढायची सोय दिली तरी लॉक स्क्रीनवर आलेली नोटिफिकेशन तशीच राहू शकते, कारण ती काढायला पाठवलेला निरोप फोनपर्यंत पोचेलच याची खात्री नसते, फोन बंद असेल, नेट नसेल. म्हणून बटणावरचा मजकूर बदलला. 'सगळ्यांकडून काढा' होतं, त्याखाली आता एक ओळ आहे : 'काहींनी आधीच वाचला असू शकतो.' आणि जुन्या डिलीटचं नाव आता 'फक्त माझ्या फोनवरून काढा'. मॅनेजरला लांब वाटलं. मी त्या बाईंचं तिकीट उघडून दाखवलं, त्याने मान हलवली.

९ एप्रिल

थोड्या लोकांना सोडून आठवडा झाला. उडालेल्या यादीवर पडलेल्या टॅपची खूण बघितली, माझ्या अंदाजापेक्षा जास्त वेळा पडतेय. म्हणजे रोज इतक्या वेळा चुकीचं चॅट उघडत होतं, बहुतेक वेळा लोक मुकाट मागे जात होते, क्वचित तिथेच लिहीत होते आणि त्यातला एखादाच आपल्याला कळवत होता.

'थांबवा' वापरणारे कमी आहेत. मॅनेजर म्हणाला, वापरच नाही तर ठेवायचं कशाला. मी म्हटलं, हे मोजायचं माप हे नाही, दारातून रोज किती जण गेले यावर आग लागल्यावरच्या दाराची किंमत ठरत नाही. त्याला पटलं की नाही माहीत नाही, पण बटण राहिलं. एकाने तक्रार केलीये की मोठ्या ग्रुपवर मेसेज उशिरा जातो. बरोबर आहे त्याचं. सेटिंगमधून बंद करता येईल असं पुढच्या आवृत्तीत घालतोय.

फॉरवर्डच्या स्क्रीनला अजून हात लागलेला नाही. तिथेही यादी हलते.

१५ एप्रिल

सगळ्यांना सोडलं. सहा आठवडे झालेच शेवटी.

सकाळी सपोर्टच्या टीमबरोबर बसून तयार उत्तरांची यादी उघडली. 'कृपया मेसेज पाठवण्याआधी ग्रुपचं नाव तपासून घ्या' ही ओळ काढली. तिच्या जागी लिहिलं की हे का होतं, आता काय बदललंय, आणि मेसेज कुठून काढायचा.

मग त्या बाईंचं बंद केलेलं तिकीट परत उघडलं आणि मी स्वतः लिहिलं. यादी कशी उडी मारते ते सांगितलं, डिलीटबद्दल आम्ही तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं ते सांगितलं, माफी मागितली. जो मेसेज गेला तो आता परत आणता येत नाही, तेही लिहिलं.

दुपारी उत्तर आलं. त्यांनी एवढंच विचारलंय की बहिणीच्या फोनवर जुनं ॲप आहे, तिनेही अपडेट करायला हवं का. हो म्हणून कळवलं.